भरलेली नोंदवही
नोंदवहीची पाने संपली म्हणून कचेरीलाच टाळे लागावे, असा प्रकार संगणकाच्या जगात खरोखर घडत असे. ‘अपाची’ हा वेब सर्व्हर आलेली प्रत्येक मागणी लॉग फाइलमध्ये टिपून ठेवतो. जुन्या ३२-बिट यंत्रणांवर ही फाइल २ गिगाबाइटला भिडली, की तीत पुढची ओळ लिहू पाहणारी प्रक्रियाच बंद पडे. सर्व्हर नुसता पुन्हा सुरू करून भागत नसे; भरलेली वही समोर तशीच असे. २००५ च्या २.२ आवृत्तीने ही अडचण दूर केली. डिस्क भरण्याचे भय मात्र आजही आहे. फाइल बदलताना जुनी पुसू नये, कारण तीच घडल्या गोष्टींची साक्ष असते. तिचे नाव बदलून मग सर्व्हर पुन्हा सुरू करावा. एरवी तो जुन्याच फाइलीत लिहीत राहतो. वही भरण्यापूर्वीच बदलावी, हे उत्तम.