थोराड कुत्र्याचे दत्तकघर: पहिले तीन महिने

मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांतील प्राणी-निवाऱ्यांत रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्यांच्या जोडीने जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा थोराड जातींचे, कोणीतरी हौसेने विकत घेऊन पुढे सोडून दिलेले कुत्रेही येतात. दोन महिन्यांचे, कुशीत मावणारे पिल्लू दीड-दोन वर्षांत तीस ते साठ किलोंचे होते. मग भाड्याचे घर बदलणे, परगावी बदली, घरात बाळाचा जन्म, औषधपाण्याचा खर्च किंवा शेजाऱ्यांच्या तक्रारी यांपैकी एखादे कारण त्याला घराबाहेर काढण्यास पुरेसे ठरते. पिल्लांच्या विक्रीसाठी वर्षानुवर्षे वापरलेल्या माद्याही विणे थांबल्यावर अशाच सोडल्या जातात. यांपैकी एखादा प्राणी दत्तक घेणाऱ्या कुटुंबाकडे बहुधा दयाबुद्धी भरपूर असते. परंतु पूर्ण वाढलेला, पूर्वायुष्य अज्ञात असलेला आणि माणसाइतका वजनदार प्राणी घरात रुळवण्याची रीत पिल्लू वाढवण्याच्या रीतीपेक्षा मुळातच निराळी असते, याची जाणीव पुष्कळदा तो घरी आल्यानंतर होते.

हे निराळेपण एका साध्या वस्तुस्थितीतून उद्भवते. लहान कुत्रा घाबरला, अडून बसला किंवा नको तेथे शिरला, तर त्याला उचलून हलवता येते. पन्नास किलोंच्या कुत्र्याला उचलता येत नाही आणि ओढून नेण्याचा प्रयत्न केल्यास तो स्वतःच्या ताकदीने उत्तर देतो. लिफ्टमध्ये शिरणे, मोटारीत चढणे, तपासणीच्या टेबलाजवळ उभे राहणे, आंघोळ करून घेणे या प्रत्येक कृतीसाठी त्याची संमती लागते. म्हणून थोराड कुत्र्याच्या बाबतीत पहिल्या काही आठवड्यांचे खरे काम त्याला आज्ञा शिकवणे हे नसून घरातील माणसांचे वागणे त्याला अंदाज बांधता येईल इतके नियमित ठेवणे हे असते.

ताण, शांतपणा आणि ओढ

जागा बदलल्याचा परिणाम कुत्र्याच्या शरीरावर मोजता येतो. ताणाच्या प्रसंगी अधिवृक्क ग्रंथींतून, म्हणजे मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी असलेल्या ग्रंथींतून, कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक स्रवते. अमेरिकेतील एका निवाऱ्यात मायकेल हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या व १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निवाऱ्यात नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल पहिल्या तीन दिवसांत घरगुती कुत्र्यांच्या सुमारे तिप्पट आढळले आणि त्यानंतरच्या काळात ते कमी दिसले. हा अभ्यास निवाऱ्यातील होता, घरातील नव्हे. तरीही अनोळखी जागी गेलेल्या कुत्र्याच्या सुरुवातीच्या दिवसांतील वागण्यावरून त्याचा स्वभाव ठरवणे किती घाईचे असते, हे त्यावरून लक्षात येते. या काळात अनेक कुत्रे कोपऱ्यात पडून राहतात, जेवत नाहीत, भुंकतही नाहीत. घरच्यांना तो शहाणपणा वाटतो. प्रत्यक्षात ते भीतीने गोठून जाणे असू शकते आणि भीती ओसरल्यावर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, दाराशी भुंकणे, वस्तू चावणे किंवा ताटलीची राखण करणे सुरू झाले की कुत्रा बिघडला अशी तक्रार होते. वास्तविक तेव्हा तो प्रथमच मोकळेपणाने वागू लागलेला असतो.

प्राणी-निवाऱ्यांत तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असा एक ठोकताळा प्रचलित आहे: पहिल्या टप्प्यात भीती ओसरते, दुसऱ्यात दिनक्रम कळतो आणि तिसऱ्यात घर आपले वाटू लागते. हा सिद्ध झालेला नियम नव्हे, केवळ अनुभवातून आलेला अंदाज आहे. परंतु घाईला लगाम घालण्यापुरता तो उपयोगी पडतो. याच्या जोडीला बुडापेस्ट येथील संशोधकांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास ध्यानात घेण्याजोगा आहे. निवाऱ्यातील प्रौढ कुत्र्यांना एकाच व्यक्तीचा प्रत्येकी दहा मिनिटांचा सहवास केवळ तीनदा दिल्यावरही त्यांच्यात त्या व्यक्तीविषयी ओढ दर्शवणारे वर्तन दिसू लागले. ओढ अशी लवकर निर्माण होते, सुरक्षिततेची खात्री मात्र सावकाश येते. त्यामुळे नवा कुत्रा दुसऱ्याच दिवशी मागे मागे फिरू लागला, तरी तो रुळला असे मानून पाहुण्यांना बोलावणे किंवा त्याला गर्दीच्या बागेत नेणे योग्य ठरत नाही.

घराची मांडणी

कुत्रा येण्यापूर्वीच त्याची जागा निश्चित केलेली असावी. ही जागा ये-जा कमी असलेल्या, परंतु माणसे दिसतील अशा कोपऱ्यात असावी आणि तो तेथे असताना त्याला कोणीही, विशेषतः मुलांनी, हात लावू नये. शहरी घरांतील गुळगुळीत फरशी ही थोराड कुत्र्यांची मोठी अडचण असते. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर या जातींत खुब्याच्या सांध्याची खोबण आणि मांडीच्या हाडाचा गोल एकमेकांत नीट न बसण्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. अशा कुत्र्याचे पाय फरशीवर घसरले की वेदना वाढते आणि त्या खोलीचीच भीती बसते. झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत रबराच्या चटया किंवा जाड सतरंज्यांची वाट करून दिली, तर हा प्रश्न बराच सुटतो. अंथरूणही जाड हवे, कारण वजनदार कुत्रा कठीण जमिनीवर वारंवार लवंडल्याने त्याच्या कोपरांवर घट्टे पडतात आणि कधी पाण्याने भरलेल्या गाठी येतात.

नव्या घरातील सर्वांत मोठा धोका पळून जाण्याचा असतो. घाबरलेला कुत्रा मागे सरकत गळपट्ट्यातून डोके सहज सोडवून घेतो आणि अनोळखी वस्तीत त्याला परतीचा रस्ता ठाऊक नसतो. यासाठी पहिले काही आठवडे गळपट्टा आणि छातीभोवती बसणारा हार्नेस अशा दोन्हींना स्वतंत्र दोर लावावेत, दूरध्वनी क्रमांकाची पट्टी गळ्यात कायम ठेवावी आणि शक्य असल्यास मायक्रोचिप, म्हणजे त्वचेखाली बसवले जाणारे, ओळख-क्रमांक असलेले तांदळाच्या दाण्याएवढे उपकरण, पशुवैद्याकडून बसवून घ्यावे. लिफ्ट आणि जिना यांची ओळख गर्दी नसलेल्या वेळी करून द्यावी: उघड्या लिफ्टच्या दाराशी खाऊ, मग उंबऱ्यावर, मग आत, आणि प्रत्येक टप्प्यावर मागे फिरण्याची मुभा. ही मुभा ठेवल्याने वेळ वाया जातो असे वाटते. पण एकदा ओढून आत घातलेला कुत्रा पुढे कित्येक दिवस त्या दाराजवळ येण्यासही नकार देतो.

अन्न आणि आरोग्य

निवाऱ्यात जे अन्न मिळत होते तेच सुरुवातीला चालू ठेवून सात ते दहा दिवसांत हळूहळू नवे अन्न मिसळत जावे, अन्यथा जुलाब होतात. फार हडकुळ्या कुत्र्याला एकदम पोटभर खाऊ घालण्याचा मोह टाळणे आवश्यक असते. दीर्घ उपासमारीनंतर अचानक भरपूर अन्न मिळाल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन ढळून जिवावर बेतू शकते, म्हणून अशा कुत्र्याच्या आहाराचे प्रमाण पशुवैद्याने ठरवून द्यावे. घरातील उरलेसुरले घालण्याच्या सवयीबाबतही सावध राहावे लागते, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना आणि द्राक्षे-मनुका मूत्रपिंडांना अपायकारक असतात.

खोल छातीच्या थोराड जातींत, विशेषतः ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्ड यांच्यात, जठर वायूने फुगून स्वतःभोवती पिळले जाण्याचा विकार संभवतो. पोट टणक फुगणे, लाळ गळणे, अस्वस्थ येरझाऱ्या आणि उलटीचे उमाळे येऊनही काहीच न पडणे ही त्याची लक्षणे असून, शस्त्रक्रियेला काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरतो. दिवसाचे अन्न दोन-तीन वेळांत विभागणे, घाईने खाणाऱ्याला पसरट ताटात वाढणे आणि जेवणानंतर पळापळ टाळणे ही काळजी घ्यावी. उंच कुत्र्यासाठी ताटली उंचावर ठेवावी असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई; परंतु अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उंचावलेल्या ताटलीशी या विकाराचा अधिक धोका निगडित आढळला.

पूर्वीच्या लसीकरणाची नोंद नसेल, तर कुत्र्याला लस मिळालेलीच नाही असे गृहीत धरून रेबीज व अन्य लसी पशुवैद्याच्या सल्ल्याने नव्याने द्याव्यात. महाराष्ट्राच्या हवामानात दोन रोगांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पहिला गोचीडताप: गोचिडीच्या चाव्यातून एर्लिकिया हे जीवाणू पांढऱ्या रक्तपेशींत किंवा बबेसिया हे एकपेशीय परजीवी तांबड्या रक्तपेशींत शिरतात आणि लक्षणे बहुधा एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, त्यामुळे नव्या घरात आलेला कुत्रा खिन्न झाला आहे असे समजले जात असताना तो प्रत्यक्षात आजारी असू शकतो, रक्ततपासणीने याचा उलगडा होतो. दुसरा लेप्टोस्पायरोसिस: उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या पावसाळी पाण्यातून होणारा हा रोग माणसालाही होतो. याखेरीज दुहेरी केसांच्या जातींना कोकणपट्टीचा दमट उकाडा सोसत नाही, कारण कुत्रा शरीरातील उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो आणि दमट हवेत हा उपाय अपुरा पडतो. त्यांना फिरवणे पहाटे आणि रात्रीच उचित.

देहबोली आणि शिस्त

थोराड कुत्र्याला पहिल्या दिवसापासून धाकात ठेवावे, नाहीतर तो घराचा म्होरक्या होतो, ही समजूत अजूनही दृढ आहे. तिचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या बंदिस्त लांडग्यांवरील निरीक्षणांत सापडते. एकमेकांशी नाते नसलेले लांडगे एका आवारात कोंडल्यावर वर्चस्वासाठी झगडतात, असे त्यांना दिसले. डेव्हिड मीच यांच्या १९७० सालच्या ग्रंथाने ही कल्पना लोकप्रिय केली. मात्र जंगलातील लांडग्यांचा अनेक वर्षे अभ्यास केल्यानंतर त्याच डेव्हिड मीच यांनी १९९९ साली असे मांडले की नैसर्गिक कळप हा बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असतो आणि तेथे म्होरकेपण लढून मिळवले जात नाही. कुत्र्याला उताणे पाडणे, तोंडातला घास काढून घेणे, डोळ्याला डोळा भिडवणे या धाकाच्या पद्धतींचा आधार त्यामुळेच ढासळला आहे. शिवाय घाबरलेल्या बलवान प्राण्यावर त्या वापरणे सरळसरळ धोक्याचे असते.

याऐवजी त्याची देहबोली वाचणे अधिक उपयोगी ठरते. झोप आलेली नसताना जांभई देणे, ओठ चाटणे, मान फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठ होणे या क्रमशः वाढत्या अस्वस्थतेच्या खुणा आहेत आणि गुरगुरणे ही त्यांच्यानंतरची, चाव्याआधीची पायरी होय. गुरगुरण्याबद्दल शिक्षा केल्यास भीती जात नाही, केवळ इशारा बंद होतो आणि पुढचा चावा पूर्वसूचनेशिवाय येतो. कुत्रा ताटलीजवळ कोणाला येऊ देत नसेल, तर ताटली हिसकावण्याऐवजी लांबूनच तिच्यात अधिक चांगला घास टाकून निघून जावे, म्हणजे माणूस जवळ येणे ही लाभाची गोष्ट आहे असा संबंध त्याच्या मनात जुळतो. कुरवाळतानाही काही क्षणांनी हात थांबवून पाहावे: तो पुन्हा जवळ सरकला तर हवे आहे, दूर झाला किंवा ताठ राहिला तर नको आहे. पशुवैद्याकडील तपासणीसाठी जाळीदार मुसके लागणार असेल, तर घरीच त्यात खाऊ ठेवून त्याची सवय आधीपासून लावावी. लहान मुले आणि नवा कुत्रा यांना प्रौढ माणसाच्या नजरेआड एकत्र ठेवू नये, मग कुत्रा कितीही सौम्य भासो.

एकांत, शेजार आणि कायदा

दत्तक घेतल्यावर घरच्यांनी आठवडाभराची रजा काढून कुत्र्याला अखंड सोबत देणे आणि नंतर एके दिवशी नऊ तासांसाठी निघून जाणे, हा हेतूने चांगला पण परिणामाने वाईट क्रम होय. पहिल्या दिवसांपासूनच दोन मिनिटे, दहा मिनिटे, अर्धा तास असे निरोपाचा गाजावाजा न करता बाहेर जाऊन परत यावे. दिवाळीतील फटाके आणि मिरवणुकांतील ढोलताशे यांच्या काळात पडदे ओढलेली आतली खोली उपयोगी पडते. शक्य असल्यास दत्तक घेण्याचा दिवसच अशा सणांपासून दूर ठेवावा.

शेजाऱ्यांना आकाराची वाटणारी भीती अवास्तव म्हणून झटकून टाकणे योग्य नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला बहुमताच्या ठरावानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. तथापि हक्क असणे आणि शेजार राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लसीकरणाची कागदपत्रे व महापालिकेचा परवाना तयार ठेवणे, लिफ्टमध्ये कोणी आधीच असल्यास पुढच्या फेरीची वाट पाहणे आणि विष्ठा स्वतः उचलणे यांमुळे तक्रारींची निम्मी कारणे उरत नाहीत.

प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० मधील कलम ११ नुसार गुन्हा आहे. परंतु पहिल्या गुन्ह्यासाठी त्या कलमात दहा ते पन्नास रुपयांचा दंड सांगितला आहे, यावरून कायद्याचा धाक किती तोकडा आहे ते उघड होते. थोराड कुत्र्याचा दुसऱ्यांदा होणारा त्याग कायद्याने नव्हे, तर दत्तक घेण्यापूर्वी केलेल्या हिशेबाने टळतो: घरातील सर्वांत अशक्त माणूस त्याला दोरावर सांभाळू शकेल का, आजारपणाचा खर्च पेलेल का, घर बदलावे लागल्यास तो बरोबर येईल का, हे आधी विचारावे आणि निवाऱ्याची तयारी असल्यास काही आठवडे तात्पुरता सांभाळ करून पाहावा. त्या काळात जमत नाही असे दिसले आणि कुत्रा सन्मानाने निवाऱ्यात परत गेला, तर त्यात कमीपणा नाही. कारण ज्या प्राण्याची संमती विचारायची, त्याला विचारण्याची ऐपत आपल्या घरात आहे की नाही, हे प्रामाणिकपणे ओळखणे ही त्या दत्तकविधानाची पहिलीच अट आहे.