आधी ओळख, मग उपचार

रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाचा तक्ता या अहवालात अन्यत्र दिला आहे. त्यातील एक ओळ चिकित्सक वाचकांच्या नजरेस खटकेल. विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढ व्यक्तींसाठी आम्ही आठवड्यातील जी सकाळ राखून ठेवतो, तीत इतर विभागांच्या मानाने फारच थोडे रुग्ण तपासले जातात. एका विश्वस्तांनी बैठकीत याचे कारण विचारले आणि ते रास्तच होते, कारण दात्यांच्या पैशाचा हिशेब देणे हे आमचे कर्तव्यच आहे. पुढील मजकूर म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर होय.

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम अशा अवस्थांचा या संज्ञेत समावेश होतो. अशा मुलांच्या शिक्षणाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ सालची, तर पुण्यातील कामायनी १९६४ सालची. परंतु मुले मोठी होतात. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्ती शतकापूर्वी क्वचितच तारुण्य पाहत. आज त्यांतील अनेक जण साठीच्या घरात पोहोचतात. त्यांना थायरॉइडचे विकार, कमी ऐकू येणे, मोतीबिंदू आणि तुलनेने लवकर येणारा स्मृतिभ्रंश यांचा धोका अधिक असतो. म्हणजे रुग्णालयाची गरज वाढत्या वयाबरोबर वाढते, आणि नेमक्या त्याच वयात रुग्णालयाविषयीची भीती पक्की झालेली असते. ही भीती बहुधा आमच्यासारख्यांनीच निर्माण केलेली असते, हे येथे प्रांजळपणे नमूद करणे भाग आहे.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. छत्तीस वर्षांचे एक गृहस्थ आपल्या वृद्ध आईसह आमच्याकडे आले, परंतु फाटकाच्या आत येईनात. रिक्षाची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ते बसून राहिले. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका ठिकाणी, “काही करणार नाही, नुसतं बघणार आहोत,” असे सांगून चौघांनी धरून त्यांचे रक्त काढले होते. त्या दिवसापासून पांढरा कोट दिसला की ते अंग आवळून घेत. गेले वर्षभर ते सुस्त झाले होते, कामावर जाण्यास नाखूश होते, वजनही वाढले होते. घरच्यांनी हा स्वभावाचा हट्टीपणा मानला होता. आम्हांला थायरॉइडची शंका आली, पण ती रक्त तपासल्याशिवाय कशी फिटणार?

पहिल्या भेटीत आमच्या समाजसेविका रिक्षापाशीच उभ्या राहून त्यांच्याशी बोलल्या. दुसऱ्या भेटीत पहारेकऱ्याच्या खुर्चीपर्यंत मजल गेली. मग उपाहारगृहातला चहा. मग बाकावर पाच मिनिटे. एकदा त्यांनी स्टेथोस्कोप हातात घेऊन आईच्या पाठीला लावला आणि गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. अशा सात भेटींत वैद्यकीय अर्थाने काहीच घडले नाही. आठव्या वेळी परिचारिकेने त्यांना सुई दाखवली आणि सांगितले, “टोचणार आहे. दुखेल. मी पाच म्हणेपर्यंत संपवीन, नाहीतर सुई काढून घेईन.” त्यांनी हात पुढे केला. पाच आकडे झाले तरी शीर सापडली नव्हती. परिचारिकेने शब्द दिल्याप्रमाणे सुई काढली, कापूस लावला आणि त्यांना घरी पाठविले.

आमच्यातील एका ज्येष्ठ डॉक्टरांना हे मुळीच रुचले नाही. आणखी दहा सेकंदांचे काम होते, असे त्यांचे म्हणणे. आणि ते वैद्यकीयदृष्ट्या खरेही होते. पुढल्या आठवड्यात ते गृहस्थ स्वतःहून आत आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी दुसरा हात पुढे केला. थायरॉइडची कमतरता निघाली. औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांत सुस्ती ओसरली. हट्टीपणा मात्र पूर्णपणे गेला नाही. तो बहुधा खराच स्वभावाचा असावा.

विश्वास हा संस्थेवर नसतो, माणसावर असतो. म्हणून परिचारिकेची बदली होते तेव्हा जुनी आणि नवी अशा दोघी काही भेटींत एकत्र बसतात. हा खर्च ताळेबंदात दिसत नाही.

संभाषणाविषयीही आम्हांला बरेच शिकावे लागले. यांतील पुष्कळ व्यक्ती समोरच्याला बरे वाटावे म्हणून प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतात. “पोट दुखतं का?” हो. “दुखत नाही ना?” हो. त्यामुळे आम्ही चित्रे दाखवतो, बोटाने जागा दाखवण्यास सांगतो आणि प्रश्न विचारल्यावर थांबतो. हे थांबणे सर्वांत कठीण. उत्तर येण्यापूर्वीच आई बोलते, किंवा आम्हीच दुसरा प्रश्न टाकतो. ज्यांना बोलता येत नाही, त्यांची वेदना वर्तनातून प्रकट होते: जेवण नाकारणे, कानशिलावर मारून घेणे, रात्रभर येरझाऱ्या घालणे. हे ‘दिव्यांगत्वामुळेच’ असे मानून शांत करणारे औषध दिले, की किडलेली दाढ किंवा अनेक दिवसांचा बद्धकोष्ठ तसाच राहतो.

मराठीत आणखी एक पेच आहे. चाळिशीच्या माणसाला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’? आईसाठी तो ‘बाळ’च असतो आणि ते स्वाभाविकही आहे, परंतु आम्ही त्याची आई नव्हे. आता आम्ही त्यांनाच विचारतो. एकांनी आपल्याला ‘दादा’ म्हणावे असे सांगितले, कारण धाकटी बहीण तसे म्हणते. त्यांच्या कागदांवर वरच्या कोपऱ्यात आता ‘दादा’ असेच लिहिलेले आहे.

सर्वांचे निमूटपणे ऐकणारी व्यक्ती म्हणजे विश्वास बसलेली व्यक्ती, असाही समज आढळतो. तो घातक आहे. कोणीही सांगावे आणि याने ऐकावे, अशी सवय लागलेल्या माणसाचा गैरफायदा घेणे सोपे असते. म्हणून आमच्या खोलीत ‘नाही’ म्हणण्याची मुभा आहे आणि जीवावर बेतलेले नसेल तर त्या ‘नाही’चा आम्ही मान राखतो. तातडीच्या वेळी मात्र उपचार थांबत नाहीत. परंतु तेव्हाही खोटे सांगायचे नाही, आणि झाल्यावर काय केले व का केले हे समजावयाचे, असा दंडक आहे. तो आमच्याकडूनही कधी कधी मोडतो.

कायद्यानेही याच दिशेने पाऊल टाकले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १४ मध्ये ‘मर्यादित पालकत्वा’ची व्याख्या आहे. परस्पर सामंजस्य आणि विश्वास यांवर चालणारी, ठरावीक काळापुरती व ठरावीक निर्णयापुरती, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार वागणारी संयुक्त निर्णयाची पद्धत, असा तिचा आशय आहे. इच्छा कळण्यासाठी आधी ओळख लागते, आणि ओळखीला वेळ लागतो.

कुटुंबीयांना एक विनंती. येताना एक वही आणावी. तीत औषधांबरोबरच आपल्या माणसाला काय आवडते, कशाची भीती वाटते, दुखले की तो काय करतो, ‘नाही’ कसे दाखवतो, हे लिहावे. आणि जमल्यास त्यालाच विचारून लिहावे. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या आईने अशी वही भरून आमच्याकडे दिली. “माझ्यामागे याला कोण ओळखणार?” असे त्या दर भेटीत विचारीत. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी परिचारिकेचे नाव लिहिले आहे, आणि त्याखाली मुलाने स्वतःच्या हाताने एक ते पाच आकडे काढले आहेत.