अग्निसंरक्षक यंत्रणेच्या चाचणी-नोंदींची मांडणी

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ज्या इमारतींस लागू आहे, त्यांच्या मालकाने अगर भोगवटादाराने यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावयाचे असते. प्रमाणपत्र हा निष्कर्ष होय. त्याचा आधार म्हणजे चाचण्यांच्या नोंदी. या नोंदी केवळ तारीखवार ठेवून पुढे ‘ठीक’ असा शेरा मारला, तर त्यांतून फारसा बोध होत नाही.

स्प्रिंकलर यंत्रणेचेच उदाहरण घ्यावे. मुख्य नळावरील झडप अर्धवट मिटलेली असली, तरी पाणी स्थिर असताना दाबमापक पूर्ण दाब दाखवितो. निचऱ्याची तोटी पूर्ण उघडून पाणी वाहते केले म्हणजे मात्र झडपेपाशी अवरोध होऊन दाब उतरतो. हा उतार नेहमीचा की अधिक, हे पूर्वीच्या आकड्याशी ताडल्यावाचून समजत नाही. आणि तो दुर्लक्षित राहिल्यास आगीच्या वेळी पाणी अपुरे पडते. अमेरिकेतील एनएफपीए २५ या मानकानुसार प्रवाही दाबात १० टक्के घट दिसल्यास तिचे कारण शोधणे आवश्यक असते.

यास्तव प्रत्येक झडपेस, पंपास व हायड्रंटास क्रमांक देऊन त्याचे स्वतंत्र पान ठेवावे. आरंभी यंत्रणा ताब्यात घेतानाची मापे लिहावीत. त्याखाली दर चाचणीची तारीख, मापे व परीक्षकाची सही असावी. दोष आढळल्यास दुरुस्तीची व फेरचाचणीची तारीख त्याच ओळीत भरावी. तोपर्यंत ती नोंद अपूर्णच समजावी.