कीटकभक्षी वनस्पतींसाठी मातीची निवड

पाठ्यपुस्तकातील घटपर्णीचे चित्र पाहून मुले हमखास विचारतात, झाड किडा कसा धरते? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक शिक्षक उत्तम रीतीने देतात. परंतु झाडाला किडा धरण्याची गरज का पडते, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. त्याचे उत्तर पानांत नसून मातीत आहे. ते उमगले म्हणजे अशी झाडे कोणत्या मातीत लावावीत हे कळते. शिवाय जालना जिल्ह्यातील मुलांना आपल्या पायाखालच्या काळ्या जमिनीचीही नवी ओळख होते.

कीटक हे अन्न नव्हे, खत होय

कीटकभक्षी वनस्पतींची पाने हिरवी असतात. इतर झाडांप्रमाणेच सूर्यप्रकाश, हवा व पाणी यांच्या साहाय्याने त्या आपले अन्न स्वतः तयार करतात. किड्याच्या शरीरातून त्यांना मिळते ते मुख्यतः नत्र आणि स्फुरद. म्हणजे शेतकरी आपल्या पिकाला खताच्या रूपाने देतो तीच द्रव्ये. इतर झाडे ही द्रव्ये मुळांनी मातीतून घेतात, या वनस्पती बऱ्याच अंशी पानांनी घेतात. चार्ल्स डार्विन यांनी या विषयावरील आपला ग्रंथ १८७५ साली प्रसिद्ध केला. पुढे त्यांचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांनी १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दाखविले, की ज्या रोपांना मांसाचे बारीक कण दिले त्यांना, उपाशी ठेवलेल्या रोपांपेक्षा, पुष्कळच अधिक बी धरले.

यावरून हेही कळते, की अशी झाडे निकस जागी का सापडतात. जेथे इतर झाडांना पोषण मिळत नाही व म्हणून त्यांची गर्दी होत नाही, तेथेच या चिमुकल्या वनस्पतींना ऊन व जागा मिळते.

एकच खडक, दोन प्रकारची माती

महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण सातारा जिल्ह्यातील कासचे पठार हे होय. पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर त्याचा समावेश २०१२ साली जागतिक वारसा यादीत झाला. पावसाळ्यात तेथे दवबिंदू नावाची वनस्पती उगवते. तिच्या पानांवरील केसांच्या टोकांशी चिकट थेंब चमकतात व त्यांत बारीक किडे अडकतात. जवळच सीतेची आसवे ही निळ्या-जांभळ्या फुलांची वनस्पती पसरलेली असते. तिचे सापळे वर दिसत नाहीत. ओल्या मातीत असलेल्या सूक्ष्म पिशव्यांनी ती पाण्यातील अतिसूक्ष्म जीव आत ओढून घेते.

कासचा जांभा आणि जालन्याची काळी माती ही दोन्ही मूळ एकाच काळ्या खडकापासून, म्हणजे बेसाल्टपासून झालेली आहेत. फरक पडला तो मुख्यतः पावसाने. घाटमाथ्यावर लक्षावधी वर्षे धो धो पाऊस कोसळून खडकातील चुना, पालाश इत्यादी विरघळणारी द्रव्ये वाहून गेली. लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे तेवढी मागे राहिली. तोच तांबूस, सच्छिद्र जांभा होय. त्याच्यावर मातीचा थर जेमतेम काही बोटे जाडीचा असतो. पावसाळ्यात तो पाण्याने तुडुंब भरतो आणि पुढे कोरडा पडतो. जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढ्या पावसाने चुना वाहून जात नाही. तो मातीतच राहतो आणि पांढऱ्या खड्यांच्या रूपाने साठतो. विहीर खणताना निघणारे चुनखडीचे खडे प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचे आहेत.

काळी माती कुंडीत का चालत नाही

काळी माती जास्त कसदार असल्यामुळे ही झाडे तीत मरतात, असे अनेकांना वाटते. ते पूर्णपणे खरे नाही. आपल्या काळ्या जमिनीत नत्र व कुजलेली सेंद्रिय द्रव्ये बहुधा कमीच असतात. अडचणी निराळ्या आहेत. पहिली चुन्याची : या वनस्पतींना आम्लधर्मी माती लागते, तर काळी माती चुन्यामुळे अल्कधर्मी असते. दुसरी क्षारांची : यांची मुळे थोडी व नाजूक असून, विरघळलेल्या क्षारांचा मारा त्यांना सोसत नाही. शेणखत, गांडूळखत, राख किंवा युरिया घातला, तर रोप बहुधा लवकरच दगावते. तिसरी हवेची : काळी चिकण माती भिजली की फुगते, तिच्यातील पोकळ्या बंद होतात आणि मुळांना हवा मिळत नाही, वाळली की तिला भेगा पडून मुळे तुटतात.

कुंडीचे मिश्रण

म्हणून मिश्रण असे हवे, की ज्यात पोषण जवळजवळ नाही, चुना नाही, ओल टिकते आणि हवाही खेळते. सर्वत्र रूढ असलेले मिश्रण म्हणजे एक भाग पीट व एक भाग वाळू किंवा परलाइट. थंड प्रदेशांतील दलदलीत स्फॅग्नम नावाचे शेवाळ साचून, अर्धवट कुजून जे तपकिरी द्रव्य होते, त्यास पीट म्हणतात. ते स्वभावतः आम्लधर्मी असते. परलाइट म्हणजे ज्वालामुखीतील काचेसारखा खडक तापवून फुगविलेले पांढरे, हलके दाणे. ही दोन्ही मोठ्या गावांतील रोपवाटिकांच्या साहित्यात विकत मिळतात. पीट घेताना त्यात खत मिसळलेले नाही याची खात्री करावी.

पीट न मिळाल्यास नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, वापरता येतो. परंतु त्यात मीठ असण्याचा संभव असतो. तो पावसाच्या पाण्यात भिजवून, पिळून, ते पाणी टाकून द्यावे व असे अनेक वेळा करावे. वाळू गारगोटीची, म्हणजे पाणी गाळण्याच्या टाक्यांत घालतात तशी असावी. नदीपात्रातील वाळूत चुनखडीचे कण असू शकतात. तिच्यावर तीव्र व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावे. फेस आला तर ती वाळू घेऊ नये. सिमेंटची कुंडी टाळावी, कारण तिच्यातूनही चुना सुटतो. प्लॅस्टिकची कुंडी सर्वांत सोयीची.

सर्वच कीटकभक्षी वनस्पतींना हेच मिश्रण मानवते असे नाही. दवबिंदूची कुंडी एक-दोन सेंटिमीटर पाणी असलेल्या थाळीत ठेवलेली चालते. मेघालयातील घटपर्णीला मात्र मुळांशी साचलेले पाणी सोसत नाही. तिला शेवाळ, नारळाच्या सालीचे तुकडे व परलाइट यांचे भुसभुशीत मिश्रण लागते. वनस्पती मूळ कोठे वाढते हे आधी पाहावे व मिश्रण त्याप्रमाणे करावे, हा नियम सर्वांना लागू आहे.

पाण्याची काळजी

मिश्रण अचूक करूनही झाड मरते, तेव्हा दोष बहुधा पाण्याचा असतो. विहिरीच्या वा बोअरच्या जड पाण्यातून रोज थोडा थोडा चुना व क्षार कुंडीत साठत जातात. पावसाचे पाणी सर्वांत उत्तम. पहिल्या एक-दोन सरींनी छप्पर धुऊन गेल्यावर ते स्वच्छ पिंपात धरून झाकून ठेवावे. ते संपल्यास बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी वापरावे. जारचे पाणी वापरावयाचे असल्यास त्यातील क्षार मापून घ्यावेत; एका लिटरमध्ये ५० मिलिग्रॅमहून कमी असलेले बरे.

वर्गात करावयाचे प्रयोग

एकही कीटकभक्षी रोप हाती नसताना हा पाठ घेता येतो.

१. शेतातील काळी माती, चुनखडीचा खडा, पीट वा कोकोपीट आणि वाळू यांचे नमुने चार बशांत ठेवावेत. प्रत्येकावर व्हिनेगर टाकून कोठे फेस येतो हे मुलांनी वहीत नोंदवावे.

२. दोन सारख्या स्टीलच्या वाट्यांत समान माप पावसाचे व विहिरीचे पाणी घेऊन शिक्षकांनी स्वतः ते आटवावे. वाट्यांच्या तळाशी काय उरले, याची मुलांनी तुलना करावी.

३. तळाला भोके पाडलेल्या दोन डब्यांत काळी माती व तयार मिश्रण भरून समान पाणी ओतावे. पाणी कोठून किती वेळाने निथळते ते मोजावे.

प्रत्यक्ष रोप लावावयाचे झाल्यास आरंभ जून-जुलैत करावा. दवबिंदूचे बी धुळीसारखे बारीक असते. ते ओल्या मिश्रणावर नुसते भुरभुरावे, पुरू नये. बी किंवा रोप रोपवाटिकेत वाढविलेलेच घ्यावे. रोपाला मांस अथवा खत देऊ नये. आपल्या गरजेपुरते चिलट-मुंगी ते स्वतः मिळविते.

सहलीस सातारा भागात गेलेल्या मुलांना कासचे एखादे रोप मुळासकट घरी आणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तेथे फुले तोडण्यास व रोपे उपटण्यास बंदी आहे, हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगावे. परंतु केवळ बंदी सांगून थांबू नये. ते रोप येथे आणून काळ्या मातीत लावले व विहिरीचे पाणी घातले, तर ते जगणार नाही, हे वरील प्रयोगांनी ज्या मुलाला कळले, त्याचा हात आपोआप आवरतो. ज्या जमिनीत आपला कापूस व मोसंबी वाढते तीत दवबिंदू मरतो, आणि जेथे दवबिंदू वाढतो तेथे कापूस उभा राहणार नाही. तेव्हा जमीन चांगली की वाईट हे ठरविताना, ती कोणत्या वनस्पतीसाठी, असा प्रश्न आधी विचारावा, ही सवय मुलांना लागली म्हणजे या पाठाचे सार्थक झाले.

विद्यार्थ्यांना विचारावयाचे प्रश्न

१. हिरवी पाने असूनही दवबिंदू किडे का धरतो?
२. जांभा व काळी माती एकाच खडकापासून होऊनही निराळी का झाली?
३. आपल्या गावातील कोणत्या जमिनीत कोणते पीक येत नाही? का? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.