विश्लेषण : धबधब्याचे पाणी क्षणात का वाढते?

लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ च्या रविवारी एक कुटुंब उभे असतानाच पाण्याचा लोंढा वाढला. काहींना काठ गाठता आला. एक महिला आणि चार मुले वाहून गेली. त्याची चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर पोहोचली आणि एकच प्रश्न विचारला गेला : पाणी वाढताना त्यांना दिसले कसे नाही?

पाणी वर वाढते, तिथे पर्यटक नसतात

सह्याद्रीचा घाटमाथा बहुतेक काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा. त्यावर मातीचा थर पातळ. जूनमधल्या पहिल्या सरी ही माती आणि कातळाच्या भेगा पिऊन घेतात. एकदा त्या भरल्या, की पुढचे बरेचसे पाणी थेट उतारावरून धावते. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र लहान आणि उतार तीव्र असल्याने वरचा पाऊस काही मिनिटांत खाली पोहोचू शकतो. मोठ्या नदीच्या पुराचा इशारा आधी देता येतो. ओढ्याच्या बाबतीत तेवढा वेळच नसतो.

त्यात घाटातला पाऊस सगळीकडे सारखा नाही. पठारावर मुसळधार आणि खाली डोहापाशी नुसती रिमझिम, असे सर्रास घडते. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर महाबळेश्वरला पाच हजारांहून अधिक. त्यामुळे शहरातून निघताना पाहिलेल्या आभाळावर विसंबू नये. हवामान खाते पुणे, सातारा यांसारख्या जिल्ह्यांत घाटमाथ्याचा अंदाज वेगळा देते. सहलीला निघताना तोच पाहायचा, शहराचा नव्हे.

गुडघाभर पाण्याचे काय एवढे?

प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की पायावर येणारा जोर चौपट होतो. पायाखाली शेवाळलेला कातळ असतो, धरायला काही नसते. धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने माणूस नेहमीइतका तरंगतही नाही. तरण तलावात पट्टीचा पोहणाराही तिथे हतबल होतो.

नितळ पाणी गढूळ होणे, काटक्या-पालापाचोळा वाहत येणे, आवाज जड होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. यातले एकही दिसले, की फोटो, चपला, पिशवी सगळे सोडून काठावरच्या उंच जागी जायचे. प्रवाहाच्या कडेने खाली पळू नये. परतीच्या वाटेवरचा ओढा फुगला असेल, तर पलीकडे जाण्याची घाई करू नये. पाऊस थांबला की असे लहान ओढे काही तासांत ओसरतात. भिजत बसावे लागेल, एवढेच.

बंदीने भागते का?

दर पावसाळ्यात प्रशासन अशा ठिकाणी जमावबंदीचे आदेश काढते. पूर्वी ते फौजदारी संहितेच्या कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. प्रसिद्ध जागी त्याचा उपयोग होतो. पण गर्दी मग फलक नाही, पोलीस नाही अशा आडवाटेच्या धबधब्याकडे सरकते. पावसाळ्यातल्या भजी-कणसांवर चार महिने काढणाऱ्या गावांचे उत्पन्नही बुडते. त्यापेक्षा ओढा ओळखणारा गावातला माणूस वाटाड्या म्हणून घेणे केव्हाही शहाणपणाचे.

दुर्घटनेनंतर दोर घेऊन दरीत उतरतात तेही बऱ्याचदा स्थानिकच. लोणावळ्यातील शिवदुर्ग मित्रसारख्या पथकांचे स्वयंसेवक. मदतीचा क्रमांक ११२ आहे, मात्र अनेक घळींत मोबाइलला रेंज नसते. म्हणून कुठे जातो आणि किती वाजता परतणार, हे पायथ्याच्या गावात सांगूनच वर चढावे.