साडेचार किलोमीटरची माळ

विणलेली मण्यांची माळ हातात घेतली तर वजन जाणवतही नाही. फसगत तिथंच होते.

जपानच्या मियुकी कंपनीचे 'डेलिका' मणी घ्या, अकरा नंबरचे. एक मणी १.६ मिलिमीटर जाड आणि १.३ मिलिमीटर लांब. ग्रॅमला साधारण २०० बसतात. त्यांची ४५ सेंटिमीटर लांब, आतून पोकळ, गोल माळ विणायची. घेर १६ मण्यांचा, म्हणजे जाडी जेमतेम साडेसहा मिलिमीटर. लांबीत २८१ मणी, गुणिले १६: साडेचार हजारांच्या आसपास. वजन साडेबावीस ग्रॅम. हेच मणी एका सरात ओवले, तर सर पाचवारी साडीपेक्षा लांब भरेल.

पण मण्यांचा आकडा मला फारसा चकित करत नाही. दोऱ्याचा करतो.

या विणीला पेयोटी म्हणतात. सुईत एक मणी घ्यायचा, आधीच्या फेरातल्या उंच मण्यातून सुई काढायची, दोरा ओढायचा. की पुढचा मणी. प्रत्येक मण्यातून सुई दोनदा जाते, म्हणजे एकूण नऊ हजार वेळा. माळेत मुरणारा दोरा मात्र अवघा बारा मीटर. आता सुईत दोन मीटर दोरा घेतलाय असं धरा. पहिल्या टाक्याला जवळजवळ सगळाच्या सगळा ओढून घ्यावा लागतो, शेवटच्या टाक्यांना वीतभर. सरासरी एक मीटर. साडेचार हजार टाके, टाक्याला एक मीटर: साडेचार किलोमीटर! शिवाय हात परत माळेपाशी यायला हवा, तेव्हा बसल्या जागी नऊ. दोरा निम्मा घेतला तर ही पायपीट (हातपीट म्हणा हवं तर) निम्मी होते, पण जोड दुप्पट होतात आणि जोड लपवणं हे विणण्याहून कटकटीचं काम. मी लांब दोऱ्याच्या बाजूची.

टाक्याला दहा सेकंद धरले तर साडेबारा तास लागतात. गुंता, जोड आणि पुन्हा मोजणं त्यात धरलेलं नाही.

हे तास फार वाटत असतील, तर ते स्वस्तात सुटलेले तास आहेत. मणी आयते मिळतात म्हणून. रशियात व्लादिमिर शहराजवळच्या सुंगीर इथल्या दफनांमध्ये मॅमथच्या सुळ्यांचे १३ हजारांहून जास्त मणी सापडले. वय सुमारे ३४ हजार वर्षं. एक मणी घडवायला तासभर धरतात. रोज आठ तास राबलं तरी साडेचार वर्षं, तीही नुसत्या मण्यांची. कराचीजवळच्या अल्लाहदिनोच्या हडप्पाकालीन कमरपट्ट्याची तर उलटीच गंमत. त्यात लांब, लाल कार्नेलियनचे मणी फक्त ३६. पण त्या काळच्या दगडी गिरमिटानं तासाला अडीच मिलिमीटर भोक पडायचं. दहा सेंटिमीटरच्या मण्याला, म्हणजे, ४० तास. पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनोयर यांच्या अंदाजानं असा पट्टा पुरा व्हायला ४८० दिवसांहून जास्त काम लागलं असेल. आपल्या साडेचार हजार मण्यांना भोकं पाडायला आपल्याला शून्य मिनिटं लागतात. काचेची पोकळ नळी ओढायची आणि तिचे तुकडे करायचे. भोक आधीच तयार.

राहिला उसवण्याचा हिशेब. घेर १६ मण्यांचा असला तरी एका फेरात एकाआड एक असे आठच मणी पडतात आणि माळ पाऊण मिलिमीटर वाढते. चुकीच्या रंगाचा मणी तीन सेंटिमीटर पुढे गेल्यावर दिसला, तर जवळपास ४० फेर मागे जायचं: तीनशेवर टाके काढायचे आणि तेवढेच पुन्हा घालायचे. नुसतं घालायलाच पाऊण तासाच्या वर. धीट बायका तो मणी पकडीनं फोडतात आणि त्या जागी नवा टाचतात. फुटलेल्या काचेनं दोरा कापला गेला नाही तर नशीब. बाकीच्या ती बाजू मानेमागे फिरवून माळ घालतात.