घाई रस्त्यावर, सावकाशी टेबलावर

चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन. रायगडच्या या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि महामार्गाकडे जाणारे वळणांचे रस्ते. माडावरून पडलेला आणि दुचाकीवरून उडालेला, दोघांच्याही कानशिलाला मार बसू शकतो. तिथलं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या अंगाला एक धमनी असते. हाड तडकून ती फाटली, की कवटी आणि मेंदूवरचं जाड आवरण, म्हणजे ड्युरा, यांच्यामध्ये रक्त साचू लागतं. फसवं हे, की काही जण मधे शुद्धीवर येतात, बोलतात, चहा मागतात. मग ग्लानी चढते.

न्यूरोसर्जन गाठायचा तर कामोठ्याचं एमजीएम रुग्णालय, नाहीतर डॉ. होमी दस्तूर यांनी न्यूरोसर्जरी विभाग उभारलेलं परळचं केईएम. श्रीवर्धनहून परळ दीडशे किलोमीटरहून जास्त.

एवढ्या धावपळीनंतर ऑपरेशन थिएटरमधली सावकाशी पाहणाऱ्याला चक्रावून टाकते. सीटी स्कॅनवर रक्ताचा भिंगाच्या आकाराचा पांढरा डाग. मेंदूवरचा दाब उतरावा म्हणून शिरेतून मॅनिटॉल. त्वचा बाजूला केली की ड्रिल फिरतं. हाड संपताच ते आपोआप थांबतं. पूर्वी दोन छिद्रांमधून जिगलीची तार ओवून हातानं कवटी कापत. आता क्रॅनिओटोम ते काम करतं. हाडाची चकती उचलली की खाली काळपट, घट्ट गुठळी. सक्शन, सलाईनची धार, रक्त थांबवायला फाटलेल्या धमनीला बायपोलरच्या चिमट्याचा स्पर्श. पुन्हा रक्त साचायला जागा उरू नये म्हणून ड्युरा हाडाच्या कडेला टाके घालून ताणून बांधतात. दबलेला मेंदू पुन्हा ठोके देऊ लागतो. सिस्टर कापसाच्या पट्ट्या मोजून घेते.

याच सावकाशीनं मेंदूच्या खोलातली गाठ काढताना मायक्रोस्कोप येतो. 1957 साली लॉस एंजेलिसमध्ये थिओडोर कुर्झ यांनी तो न्यूरोसर्जरीत आणला. झुरिकच्या यासरगिल यांनी त्याचं तंत्र बसवलं. एरवी फक्त सर्जनला दिसणारं दृश्य आता पडद्यावर निवासी डॉक्टरही पाहतात. शिकायचं असतं ते हेच, की हात कुठे थांबतो.

हा संथपणा टेबलावर परवडतो तो आधी कुणीतरी घाई केलेली असेल तरच. ती घाई गावातच सुरू व्हावी लागते: एका डोळ्याची बाहुली मोठी दिसतेय का हे प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळीच पाहणं, रुग्णवाहिका लगेच काढणं, आणि डोक्याला मार लागलेला पेंगू लागला तर ‘थकलाय, झोपू दे’ असं कुणीही न म्हणणं.